पाण्याची पाळी

सुट्टी लागण्याआधी मी तक्ता केला होता:
पस्तीस दिवस, एकोणीस नावं,
प्रत्येकी एक पाळी, बाकी उरले सोळा ते माझे.
गणिताचा मास्तर. भागाकार चुकत नाही माझा.

आठवड्याभरात तक्त्यातले अठरा गावी गेले.
कणकवली, जत, परतूर, आझमगड,
एकजण नुसताच ‘मामाकडे’.
उरली गौसिया.
तुझं गाव कुठलं गं?
तिनं कठड्यावरून बोट दाखवलं
चुनाभट्टीच्या भंगार गाळ्यांमागे, निळ्या ताडपत्रीकडे.
“ते काय. इथनं दिसतं.”

पाणी सहा दहाला येतं. चाळीस मिनिटं.
मोटर लावायची नाही, तसा वॉर्डाचा कागद आहे.
म्हणून बादल्या. तीन जिने, सत्तावन्न पायऱ्या.
मोजल्या तिनं; मी बावीस वर्षं नुसताच चढतोय.
मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके,
त्यांत माती, आणि मातीला अजून
ऊन चढलं की बोंबलाचा वास.
वांग्याला त्याचं काही वाटत नाही.
मांजरांना वाटतं.

दहानंतर गच्चीवर अनवाणी टेकवत नाही.
भेंडी कान पाडते.
लाल माठ असा आडवा होतो
की हजेरीतून नाव कमी करावं.
सावलीला जुना निवडणुकीचा फलक बांधला,
उमेदवार हात जोडून
उलटा लोंबतोय मिरच्यांवर.
“पहिल्यांदाच कामाला आला, सर.”

दुपारी पाणी घालायचं नाही, मुळं शिजतात,
हे सांगितलं होतं.
तिनं एकदा घातलं. दया आली म्हणाली.
चवळीचे तीन वेल गेले.
दुसऱ्या दिवशी ती आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली ती दुधाच्या पिशवीत
मोड आलेली चवळी घेऊन,
घरातली, कालवणासाठी भिजवलेली.
“ह्या पण उगवतात.
कुणी खाल्ल्या नाहीत तर.”

भोपळ्याला फुलं आली ती सगळी नर.
आठ दिवस नुसते नर,
मांडवाबाहेर पानं खात उभे असल्यासारखे.
मग एक मादी,
देठाशी सुपारीएवढा भोपळा घेऊनच आलेली.
इतक्या वर मधमाशी येत नाही,
येते ती पत्रे ठोकल्याची ठणठण.
विज्ञानाच्या बाई असत्या तर नीट सांगितलं असतं.
मी पुस्तकात बघून सांगितलं, अडखळत,
टाकीकडे बघत.
“कळलं,” ती म्हणाली, मला सोडवल्यासारखं.
आणि दुसऱ्या पहाटे, बादल्यांच्या आधी,
नराच्या पाकळ्या सोलून
परागाचा तो पिवळा दांडा मादीच्या पोटाशी टेकवला,
बिस्मिल्ला म्हणत,
आई गॅस पेटवताना म्हणते तसं.

आता ती रोज दोऱ्यानं घेर मोजते.
अकरा. साडेतेरा. सोळा.
मी म्हटलं, घेरावरून जाडीही काढता येते,
तीननं भाग, येईल त्याहून थोडं कमी.
“थोडं म्हणजे किती?”
असं मला वर्गात कुणी विचारलं नव्हतं.
बसलो मग टाकीच्या सावलीत,
तिच्या वहीच्या मागच्या पानावर,
घाम पुसत, दशांश चिन्हापुढे
संपतच नाही ते लिहीत.
चौथ्या आकड्याला ती उठली.
भेंडी तोडायची होती, निबर झाली असती.

भिंतीवरचा तक्ता आज जवळून पाहिला.
रोज बरोबरची खूण आहे.
पण ज्याची पाळी त्याच्या नावापुढे,
कणकवलीच्या, जतच्या, मामाकडच्या.
माझे सोळाही भरत आलेत.
तिच्या स्वतःच्या नावापुढे एकच.
फक्त चौदा तारखेचा चौकोन कोरा,
चवळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा.
पाळी विघ्नेश गुरवची.
पुढे पेन्सिलनं, बारीक अक्षरात:
हा आला नाही.